जठराची भिंत आणि कर्करोग



मागच्या बैठकीत तुम्हीच ठरवलेत, की पुढच्या खेपेला गुरुजींनी कर्करोगावर बोलावे. विषय फार मोठा आहे. सगळा सांगू गेलो तर रात्र पुरायची नाही. म्हणून आम्ही त्यातला एकच भाग घेतला आहे. तो म्हणजे जठराचा कर्करोग आणि त्याच्या भोवतालचे ऊतक. जठर म्हणजे आपण खाल्लेले अन्न ज्या पिशवीत आधी जाऊन पडते ती पिशवी. कर्करोग पेशीत सुरू होतो हे तुम्ही ऐकले असेल. पण तो एकटा वाढत नाही. भोवतालची जागा त्याला सामील होते. ती कशी सामील होते, आणि त्यामुळे आपली तपासणी कधी कधी कशी चुकते, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी आपल्या भागाचे थोडे बोलू. आपल्या धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादला, लागूनच बार्शी तालुका आहे. तेथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ साली खेड्यापाड्यांतल्या कर्करुग्णांची नोंदवही सुरू झाली. खेड्यांसाठी अशी नोंद ठेवण्याचे हे भारतातले पहिलेच काम. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण परांडा आणि भूम हे आपले दोन तालुकेही पहिल्यापासून त्या नोंदीत होते. तीन तालुके मिळून ३४६ गावे. कार्यकर्ते गावोगाव हिंडत, चावडीवर बसत, कुणाला गाठ आहे का, कुणाला रक्त जाते का, म्हणून विचारीत. पुढे १९९९ साली आपल्या जिल्ह्यातल्या बायकांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी पाहणी सुरू झाली. तीत १,३१,७४६ स्त्रियांची नावे होती. २००९ साली तिचे निष्कर्ष निघाले आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचले. आपल्या मायबहिणींमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत गेले, हे पुष्कळांना ठाऊकच नाही. असो.

या नोंदींवरून एक गोष्ट कळते. आपल्याकडे बायकांत गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा, तर पुरुषांत तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग अधिक. जठराचा त्या मानाने थोडा. देशात तो फार आढळतो तो मिझोरममध्ये, ऐझॉल भागात. तिकडे तंबाखूच्या धुराचे पाणी करून तोंडात धरण्याची चाल आहे. त्या पाण्याला तुइबुर म्हणतात. त्याचा आणि जठराच्या कर्करोगाचा संबंध संशोधकांना आढळला आहे.

आपल्याकडे थोडा, म्हणून आनंद मानावा का? मानावा, पण बेताने. जो रोग क्वचित येतो त्याची शंकाही क्वचितच येते. पोट दुखले की आपण ओवा चावतो, सोडा घेतो, मेडिकलमधून आम्लपित्ताची गोळी आणतो. चार दिवस बरे वाटते, की पुन्हा तेच. असे सहा-सहा महिने जातात.

आता जठराची भिंत कशी असते ते पाहा. ज्यांच्या घरी मटण शिजते त्या बायांनी वजडी धुतलेली आहे. वजडी म्हणजे बकऱ्याचे पोट. ती गरम पाण्यात घालून खरवडली की आतला मऊ थर सुटून येतो आणि खाली पांढरे, चिवट असे काही उरते. शिजायला वेळ लागतो तो त्याला. माणसाचे जठर बकऱ्याच्या पोटाहून निराळे असले, तरी त्याच्या भिंतीलाही असेच थर आहेत. आत पाचकरस सोडणारे नाजूक अस्तर. त्याच्या खाली धाग्याधाग्यांचे जाळे, त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या. त्याच्या बाहेर स्नायू, आणि सर्वांवरून एक पातळ आवरण. ज्यांना वजडी चालत नाही त्यांनी संत्रे सोलून पाहावे. फोडींच्या भोवती पांढऱ्या शिरांचे जाळे असते ना? फोडी वेगळ्या आणि त्यांना धरून ठेवणारे ते जाळे वेगळे. शरीरातल्या अशा जाळ्याला शाळेच्या पुस्तकात संयोजी ऊतक म्हणतात. संयोजी म्हणजे जोडणारे. आपण आज त्याला नुसते ‘जाळे’ म्हणू.

हे जाळे विणणाऱ्या पेशी निराळ्या असतात. डॉक्टर त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. आपण विणकर पेशी म्हणू. एरवी त्या शांत असतात. पण समजा, काढणीच्या दिवसांत विळा लागला आणि बोट कापले. रक्त गोठते, जागा सुजते, आणि मग या विणकर पेशी जाग्या होतात. त्या भराभर धागे विणतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या तेथे येतात, जखम भरते. वर खपली, खाली वण. काम झाले की विणकर पेशी पुन्हा स्वस्थ. ही आपल्या शरीराची फार मोठी सोय आहे. ती नसती तर एका काट्यानेही माणूस खचला असता.

कर्करोग नेमका याच सोयीचा फायदा घेतो. अस्तरातली एखादी पेशी बिघडली, तिची पिल्ले वाढली आणि अस्तराखालचा बांध फोडून ती जाळ्यात उतरली, की ती तेथे काही रसायने सोडते. जखम झाल्यावर शरीर जशी हाक देते तशीच ही हाक असते. विणकर पेशींना वाटते, जखम झाली. त्या कामाला लागतात. जखम भरली की थांबायचे, पण ही जखम भरतच नाही, म्हणून त्या थांबतही नाहीत. हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन डॉक्टरांनी १९८६ साली हे नेमक्या शब्दांत मांडले. ते म्हणाले, कर्करोगाच्या गाठी म्हणजे न भरणाऱ्या जखमा.

मग काय होते? विणकर पेशी जे वाढीचे रस जखमेसाठी सोडतात, ते रोगाच्या पेशींना पोसतात. नव्या रक्तवाहिन्या येतात त्याही रोगालाच रसद पुरवतात. धागे दाट होतात, ताणले जातात, आणि त्या ताणलेल्या धाग्यांच्या कडेने रोगाच्या पेशी पुढे सरकतात. शेतातल्या पाऊलवाटेने माणूस चालतो तशा. शरीराचे शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, गर्दीत बाहेरच अडकतात. औषध रक्तातून येते, पण घट्ट धाग्यांनी रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर ते आतपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून गाठीचा तुकडा काचेवर पाहताना डॉक्टर हेही पाहतात, की त्यात रोगाच्या पेशी किती आणि जाळे किती. जठराच्या कर्करोगात जाळ्याचा वाटा फार मोठा असेल तर रोग बहुधा जास्त चिवट निघतो, असे पुष्कळ पाहण्यांत दिसले आहे.

शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. बी आणि जमीन यांचा संबंध त्याला सांगावा लागत नाही. लंडनचे एक शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली हीच उपमा दिली होती. स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रोग शरीरभर कसाही पसरत नाही, ठराविक अवयवांतच अधिक जातो, हे त्यांना दिसले. ते म्हणाले, बी चहूकडे उडते, पण मानवेल त्या जमिनीतच उगवते. आम्ही तर म्हणतो, ज्वारीतला टारफुला आठवा. टारफुल्याचे बी वर्षानुवर्षे मातीत निपचित पडून राहते. ज्वारीचे मूळ जवळ आले आणि त्या मुळाचा रस मातीत पाझरला, की ते बी जागे होते आणि त्याच मुळाला चिकटून जगते. नुसते बी असून भागत नाही. कुणीतरी त्याला उठवावे लागते.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे पोटातले कुणी पाहिले? बरोबर आहे. म्हणून जे डोळ्यांना दिसते ते आधी सांगतो. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्या पोराला म्हणावे, तोंड उघड आणि तीन बोटे उभी घाल. पुष्कळांची जात नाहीत. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ, दोरीसारखी लागते. तिखट सोसत नाही. अस्तराखालचे जाळे सुपारीने कडक होते, त्याचा हा परिणाम. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. हा स्वतः कर्करोग नव्हे. पण अशा ताठरलेल्या तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते! तर तोंडात जाळे कडक झालेले बोटाला लागते. जठरात ते कडक झाले तर कुणाच्या बोटाला लागणार?

जठराच्या कर्करोगाच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. फिनलंडचे डॉक्टर लॉरेन यांनी १९६५ साली त्या वेगळ्या करून दाखवल्या. एकीत रोगाच्या पेशी एकमेकींना धरून राहतात, गाठ किंवा व्रण होतो, आणि दुर्बिणीतून तो बहुधा दिसतो. दुसरीत पेशींचा एकमेकींना धरणारा चिकटपणाच जातो. मोहरी सांडावी तशा त्या भिंतीत एकेकट्या पांगतात. ही दुसरी तऱ्हा त्यातल्या त्यात तरुण वयातही दिसते, आणि बायकांतही पुरुषांइतकीच. क्वचित ती घराण्यात चालत येते. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांच्या एका घराण्यात तिचा आनुवंशिक दोष १९९८ साली सापडला. ज्यांच्या घरात दोघा-तिघांना जठराचा कर्करोग झाला असेल त्यांनी ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

या पांगणाऱ्या तऱ्हेत विणकर पेशी जोरात असतात. काही जणांत सगळी भिंतच जाड आणि ताठ होते. आपल्याकडे पूर्वी तेलातुपासाठी चामड्याचे बुधले असत. इंग्रजी पुस्तकांत अशा जठराला चामड्याच्या बुधल्याचीच उपमा दिली आहे. बुधला ताणत नाही. निरोगी जठर जेवणाबरोबर सैल होते, हे होत नाही. म्हणून दोन घासांत पोट भरते. भाकरी पुढे असते, माणूस हात धुतो. घरच्यांना वाटते, मन लागत नाही, चिंता आहे, उपासतापास फार झाले.

आणि आता आजची मुख्य गोष्ट. अशा वेळी पोटात दुर्बीण घालून पाहिले, तर आतले अस्तर कधी कधी जवळजवळ चांगले दिसते. व्रण नाही, गाठ नाही. डॉक्टर चिमट्याने लहान लहान तुकडे घेतात, ते वरवरच्या अस्तराचे येतात. रोग खालच्या जाळ्यात. खालचा तुकडा आला तरी त्यात धागेच धागे असतात आणि रोगाच्या पेशी विरळ. मग प्रयोगशाळा लिहिते, कर्करोग आढळला नाही. प्रयोगशाळेचे म्हणणे खोटे नसते. त्या तुकड्यात तो नव्हताच.

कळंब तालुक्यातले आमच्या ओळखीचे एक शेतकरी होते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक. खाणे कमी होत गेले. सदरा ढिला झाला. मुलाने शहरात नेऊन दुर्बिणीची तपासणी केली. अहवाल आला. मुलाने पहिली ओळ वाचली, ‘नो मॅलिग्नन्सी सीन’, म्हणजे कर्करोग दिसला नाही. घरात पेढे वाटले. कागद देवघरात ठेवला. तुळजापूरला जाऊन आईची ओटी भरली. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती. लक्षणे राहिल्यास पुन्हा तुकडा घ्यावा, अशा अर्थाची. ती इंग्रजीत, बारीक अक्षरात. कुणी वाचली नाही, कुणी वाचून दाखवलीही नाही. चार महिने गेले. पोटाला पाणी धरले तेव्हा पुन्हा धावपळ झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून हवा भरली, तर जठर फुगेना. त्यांना तेव्हाच शंका आली. त्यांनी एकाच जागी तुकड्याखालून तुकडा असे खोल तुकडे घेतले. निदान झाले. पण तोवर रोग पोटाच्या पडद्यावर गेला होता, तेव्हा शस्त्रक्रियेत अर्थ उरला नव्हता. औषधांनी काही महिने बरे गेले. त्या महिन्यांत त्यांनी लेकीचे लग्न केले.

चार महिने आधी कळले असते तर ते वाचलेच असते, असे आम्ही म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता यायचे नाही. पण त्यांना उपचाराची जी संधी मिळायला हवी होती, ती त्या खालच्या ओळीत होती.

म्हणून मंडळी, अहवाल चांगला आला आणि त्रास मात्र तसाच राहिला, तर स्वस्थ बसू नये. दोन घासांत पोट भरणे, वजन उतरणे, उलट्या, काळी शौच, घास गिळताना अडकणे, अंगातले रक्त कमी होणे, यांतले काही टिकून असेल तर पुन्हा जावे. डॉक्टरांना विचारावे, ‘साहेब, भिंत जाड वाटली का? जठर फुगले का? खोलचा तुकडा घेतला का?’ दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असते, त्याने भिंतीचे थर मोजता येतात. सी. टी. स्कॅनवरही जाडी दिसते. विचारल्याने डॉक्टर रागावतील अशी भीती बायामाणसांना फार. चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर दुसरा पाहावा.

जमीन बिघडते कशाने, हेही थोडे सांगतो. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू राहतो. ऑस्ट्रेलियाचे वॉरेन आणि मार्शल यांनी तो १९८२ साली शोधला. लोक मानीनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचे पाणी स्वतः पिऊन पाहिले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू अस्तराला वर्षानुवर्षे सूज ठेवतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगाच्या कारणांत धरले. पण घाबरून जाऊ नका. आपल्यातल्या पुष्कळांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना कर्करोग होत नाही. व्रण असला, घरात रोग असला, तर डॉक्टर त्याची तपासणी करतात आणि गोळ्यांचा पूर्ण कोर्स देतात. तो अर्धवट सोडू नये. तंबाखू, बिडी आणि फार खारवलेले पदार्थ हेही कारणांत येतात.

आता उपचार. रोग अस्तरात आणि त्याच्या लगतच्या जाळ्यापुरता असताना सापडला, तर शंभरांत नव्वदांहून अधिक माणसे पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, हा जपानचा अनुभव आहे. पुढे गेला की शस्त्रक्रिया मोठी. तेव्हा सर्जन गाठीच्या भोवतालची चांगली दिसणारी जागाही कापतात. लोक कुरकुरतात, चांगले मांस का काढले? रोग जाळ्यातून किती सरकला हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काढले. पुष्कळदा आधी औषधे देऊन मग शस्त्रक्रिया करतात आणि नंतर पुन्हा औषधे देतात. ही रीत इंग्लंडमधल्या पाहणीनंतर, २००६ पासून, चांगली रुजली. ‘आधी सलाईन कशाला, कापा की लगेच’, असा हट्ट धरू नये.

जाळ्यावरच औषध नाही का? शोध चालू आहेत. नव्या रक्तवाहिन्या रोखणारे रामुसिरुमॅब हे औषध २०१४ पासून पुढच्या अवस्थेतल्या जठराच्या कर्करोगात वापरात आले. त्याने आयुष्य थोडेसे वाढते, रोग बरा होत नाही. विणकर पेशीच मारून टाकाव्यात असेही काहींच्या मनात आले. २०१४ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांवर तसे करून पाहिले, तर रोग उलट अधिक माजला. म्हणजे ते जाळे रोगाला पोसते तसे त्याला थोडे अडवतेही. कुंपणाला वाळवी लागली म्हणून सगळेच कुंपण उपटले आणि गुरे शिरली, तसे झाले. आता शास्त्रज्ञ त्या पेशींतल्या कोणत्या घातक आणि कोणत्या उपकारक हे निवडीत आहेत.

शेवटी मागच्या रांगेतल्या मावशींचा प्रश्न. त्या म्हणतात, ‘गुरुजी, सुरी लागली की कर्करोग पसरतो म्हणत्यात, मग तुकडा काढू द्यावा का न्हाई?’ काढू द्यावा, मावशी. तुकडा काढल्याने जठराचा रोग पसरला असे होत नाही. पुष्कळांचे पोट उघडले तेव्हा रोग आधीच पसरलेला होता, म्हणून बोल सुरीला लागला. शिवाय हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. आजाऱ्याचे ताट वेगळे करू नका.

आणखी एक. तपासलेला तुकडा फेकून देत नाहीत. मेणाच्या ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळा तो जपून ठेवते, त्याच्या काचाही ठेवते. दुसऱ्या दवाखान्यात जायचे झाले, मग ते बार्शी असो की मुंबईचे टाटा, तर अहवालाच्या कागदाबरोबर तो ठोकळा आणि काचा मागून न्याव्यात. अर्ज लिहून दिला की त्या मिळतात. अर्ज कसा लिहायचा ते आपण पुढच्या बैठकीत पाटीवर लिहून पाहू.